सगळं वेगळं करूनही डबा भरतोच, आता काय करू?

'ताई, आम्ही घरात पाच माणसं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, काच वेगळी, रद्दी वेगळी, सगळं गेली चार वर्षं इमानेइतबारे करतेय. प्लास्टिकचे रिकामे डबेसुद्धा धुऊन, वाळवून मगच देते. तरी रोज रात्री कचऱ्याचा डबा भरलेला तो भरलेलाच. तेरा वर्षांच्या लेकीने शाळेत कचऱ्यावर प्रकल्प केला, तेव्हापासून ती झाकण उघडून आत डोकावते आणि माझ्याकडे हिशेब मागते. तिच्या नादाने मी बांबूचे टूथब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, काचेच्या बरण्यांचा संच आणि मोजून चौदा कापडी पिशव्या आणल्या. नवरा म्हणतो, "कचरा कमी करायला किती सामान आणलंस!" दुसरीकडे सासूबाई एकही पिशवी टाकू देत नाहीत. कपाट उघडलं की पिशव्या अंगावर येतात. वेगळं करण्यापलीकडे घरात नेमकं काय करता येतं? आणि खरं सांगा, त्याने काही फरक पडतो का?'
– डबा-त्रस्त

प्रिय डबा-त्रस्त मैत्रीण,

सप्रेम नमस्कार. तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. हे वाक्य त्यांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कचरा कमी करायचं म्हणून नवं सामान घरात आणण्याची चूक आपण सगळेच आधी करतो. माझ्याकडे जुने, चांगले, घट्ट झाकणांचे डबे असताना मी एकसारख्या दिसणाऱ्या बरण्या आणल्या होत्या आणि जुने डबे त्याच आठवड्यात टाकून दिले होते. म्हणजे कचरा कमी करण्याच्या मोहिमेचा मुहूर्त मी कचरा करूनच साधला.

आधी तुमच्या वेगळं करण्याबद्दल बोलते. ते सोडू नका, पण त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका. प्लास्टिकचंच बघा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातला हिशेब मांडला होता. २०१५पर्यंत सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रात गेला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचरा डेपोत नाहीतर उघड्यावर पडला. डब्याच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो ना, तो बघून आपल्याला वाटतं, झालं, याचं पुन्हा काहीतरी होणार. तो आकडा १९८८पासून वापरात आला आणि तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. पुढे त्याचं काही होईल, असं वचन त्यात कुठेही नाही. कागदाचा धागाही दरवेळी आखूड होत जातो आणि साधारण पाच-सात फेऱ्यांत संपतो. काच आणि धातूंचं मात्र खरंच चांगलं चालतं. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर नव्याच्या तुलनेत ९५ टक्के ऊर्जा वाचते. तेव्हा ॲल्युमिनियमचा डबा चुरगाळून वेगळा ठेवताना मनाला बरं वाटलं तर वाटू द्या. पण एकूण हा सगळा प्रकार वरातीमागून घोडं असा आहे. वस्तू घरात आली, वापरून झाली, कचरा झाली, आणि मग आपण तिची जात विचारत बसतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त वजन करा. बॅगांचं वजन करायला आकड्याचा छोटा काटा असतो, तो असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला काटा आणि जुनी बादली चालेल. रोज रात्री डबा बाहेर जाण्याआधी वजन आणि आतल्या ठळक वस्तू एका कागदावर लिहायच्या. ही जबाबदारी लेकीला द्या. आता ती तपासनीस आहे, तिला कारकून करा. हिशेब मागणाऱ्याच्या हातात वही दिली की त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

हे मी स्वतः केलं तेव्हा मला खात्री होती, की यादीत सगळीकडे वेष्टनं दिसणार. दिसलीही, पण काटा त्यांच्यामुळे हलत नव्हता. तिसऱ्या रात्री मी जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर ओला डबा उलटा केला (घरच्यांनी तोंडं फिरवली). सालं, चहाचा चोथा आणि त्यात अर्धी काकडी, आंबलेलं दूध, ब्रेडची वाळलेली टोकं, काळी पडलेली दोन केळी, पातेल्याच्या तळाचा वाटीभर भात. सालं बाजूला काढली आणि उरलेलं तोललं. ते सालांपेक्षा जड भरलं. म्हणजे माझ्या डब्यातला सगळ्यात जड ऐवज दोन दिवसांपूर्वीपर्यंत चक्क जेवण होता.

तुमच्याकडेही असंच निघेल, असं मला वाटतं. प्लास्टिक जागा खातं म्हणून डोळ्यात येतं, अन्नाचं वजन असतं पण ते दबून बसतं. जागतिक बँकेने २०१८मध्ये काढलेल्या हिशेबात जगभरच्या नागरी कचऱ्यातला ४४ टक्के भाग अन्नाचा आणि पालापाचोळ्याचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो, की २०२२ या एका वर्षात दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतलं होतं. माणशी वर्षाला ७९ किलो. यात सालं, बिया, हाडंही धरली आहेत, तरी तुमच्या पाच माणसांच्या घराला तो आकडा लावला तर जवळपास चार क्विंटल होतात. हे अन्न कचऱ्याच्या ढिगाखाली हवेशिवाय सडतं तेव्हा मिथेन निघतो, आणि वीस वर्षांच्या काळात धरलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. बांबूच्या ब्रशने जे साधणार नाही ते त्या वाटीभर भाताने साधेल, असं मी म्हणते ते यासाठी.

तेव्हा सुरुवात फ्रिजपासून करा. फ्रिजचा खालचा खण ही भाज्यांची अडगळीची खोली असते. तिथे गेलेली पालेभाजी पुन्हा दिसते ती पाणी सुटल्यावर. माझ्याकडे आता उलटी मांडणी आहे. जे आधी संपवायचं ते डोळ्यांसमोरच्या कप्प्यात, एका तबकात. घरातल्या कुणालाही भूक लागली की आधी त्या तबकात हात घालायचा, एवढा एकच नियम. पालेभाजी आणल्या दिवशीच निवडून, कोरडी करून, जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर तग धरते. केळी, सफरचंदं, टोमॅटो यांतून एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने शेजारची फळं-भाज्या भराभर पिकतात, पिवळ्या पडतात. म्हणून या मंडळींना पालेभाजीजवळ बसवायचं नाही. बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवायचे नाहीत. दोघांनाही अंधार आणि हवा हवी, पण एकमेकांची संगत मानवत नाही.

ब्रेडबद्दल एक गंमत सांगते, कारण ही चूक मी पंचवीस वर्षं केली. ब्रेड टिकावा म्हणून आपण फ्रिजमध्ये ठेवतो. बुरशी उशिरा येते हे खरं, पण ब्रेडमधला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यातच सगळ्यात लवकर कडक होतो. म्हणजे तो शिळा होतो तो फ्रिजमुळे, आणि मग 'कडक झाला' म्हणून आपण तो टाकतो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर कापांसकट सरळ फ्रीझरमध्ये. लागेल तसा एकेक काप काढून गरम तव्यावर ठेवला की मऊ होतो.

फ्रीझरचं तापमान उणे १८ अंश आणि फ्रिजचं ४ अंशांच्या आत असेल तर उरलेलं बरंच काही वाचतं. पण फ्रीझरमध्ये ठेवलेली प्रत्येक गोष्ट महिन्याभराने एकसारखी करडी दिसते. माझ्याकडे एकदा एक डबा चार महिने होता. मी त्याला रस्सा समजत होते आणि घरचे आंब्याचा रस. शेवटी तो काय होता हे न कळताच गेला. तेव्हापासून फ्रीझरच्या दाराला चिकटपट्टीचं भेंडोळं आणि पेन दोरीने बांधून ठेवलंय. नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय डबा आत जात नाही. हे काम यजमानांना द्या. टोमणे मारायला वेळ असलेल्या माणसाकडे चिठ्ठी लिहायलाही वेळ असतो.

तारखांवरून आठवलं. पाकिटावर 'या तारखेआधी उत्तम' असं असेल तर ती चवीची आणि कुरकुरीतपणाची तारीख असते. ती उलटली म्हणून बिस्किटं किंवा डाळ फेकायची गरज नाही. बघा, हुंगा, चाखा. 'या तारखेपर्यंतच वापरा' असं असेल तर ती सुरक्षिततेची तारीख, तिथे नाकावर विसंबायचं नाही. शिजवलेल्या अन्नालाही असाच एक कडक नियम आहे. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि भात तर नक्कीच. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट भातात ते जोमाने वाढतात. खोल पातेल्यात तो तासन्तास कोमट राहतो, म्हणून पसरट ताटलीत पसरून निववायचा. नासाडी वाचवायच्या नादात घरच्यांची पोटं बिघडवली तर तुमच्या मोहिमेचं पुन्हा नाव काढता येणार नाही.

आणि मूळ दुखणं म्हणजे अंदाज. 'कमी पडायला नको' म्हणून एक वाटी जास्त टाकण्याची आपल्या हाताला सवय असते. एक आठवडा मापाने शिजवा आणि उरलं किती ते त्याच कागदावर लिहा. हाताचं माप आपोआप बदलतं. कुणाच्या उपदेशाने ते बदललेलं मी पाहिलेलं नाही. सालींपासून नाना पदार्थ करायच्या भानगडीत मात्र पडू नका. तेल, मसाला, गॅस खर्चून केलेला पदार्थ कुणी खाल्ला नाही तर तो पुन्हा त्याच डब्यात येतो.

सालींसाठी खत करा. पण माझी फजिती आधी ऐका. पहिल्यांदा मी बाल्कनीत झाकणाचा टब ठेवला आणि दोन आठवडे त्यात नुसती ओली सालं टाकत गेले. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी अगदी अदबीने विचारलं, 'तुमच्याकडे पालबिल मेलीय का हो कुठे?' झाकण उघडलं तर आत काळं, गिळगिळीत रबरबाट आणि सडक्या अंड्यांचा वास. त्या वासाचा अर्थ एकच, आत हवा नाही. मी बागेतला वाळका पाला आणि फाडलेले पुठ्ठे आणून त्यात मिसळले, टबाला खालून आणि बाजूंनी भोकं पाडली, खालपर्यंत उलथून काढलं. आठवडाभरात वास गेला. कृमी-जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण पंचवीस-तीसास एक या प्रमाणात लागतो. ओल्या सालांत नायट्रोजन भरपूर आणि वाळक्या पाल्यात कार्बन. घरच्या भाषेत सांगायचं तर एक ओंजळ ओलं टाकलं की वर दोन-तीन ओंजळी कोरडं टाकायचं. ओलावा कळायला मूठभर खत घट्ट पिळून बघा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागता कामा नये. अमोनियाचा, नाकात झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालंय. बस, एवढंच शास्त्र. शिजलेलं, तेलकट, मांस-मासे यात घालू नका, उंदीर येतील. त्यासाठी बोकाशी नावाची जपानी पद्धत आहे. त्यात जिवाणू मिसळलेला कोंडा घालून घट्ट बंद बादलीत अन्न आंबवतात आणि मग मातीत पुरतात. 'कंपोस्ट होणारे' असं लिहिलेले पारदर्शक पेले मात्र टबात टाकू नका. ते बहुधा पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात, त्यांना कारखान्यातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. तुमच्या टबात ते वर्षानंतरही तुमच्याकडे बघत बसतील.

खत झालं म्हणून भात टाकायला मोकळीक मिळाली, असं मात्र नाही. त्या भातामागचं पाणी, राबणूक, इंधन खतात परत मिळत नाही. आधी पोट, मग टब.

आता सुक्या कचऱ्याकडे वळते आणि सासूबाईंची बाजू घेते. कापडी पिशवी पर्यावरणाला चांगली, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की हिशेब कुणी करत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८मध्ये तो केला. साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या दृष्टीने फायद्यात यायची तर ती ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. याआधी २०११मध्ये इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या अभ्यासात १३१ वेळा असा आकडा आला होता. पद्धती निराळ्या म्हणून आकडे निराळे, आणि नाल्यात अडकलेल्या किंवा जनावराच्या पोटात गेलेल्या प्लास्टिकचा त्रास या गणितात धड मावत नाही, हेही खरं. पण कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला काय लागतं ते त्यातून कळतं. चौदा पिशव्या, प्रत्येकी ५२ फेऱ्या: तुमच्यावर आत्ता ७२८ बाजारफेऱ्यांचं कर्ज आहे. आणि कपाटातल्या पिशव्या घड्या घालून, पुन्हा पुन्हा वापरून, शेवटी कचऱ्याच्या डब्याला अस्तर लावणाऱ्या सासूबाई? तुमच्या घरात पुनर्चक्राच्या पलीकडे जाऊन कचरा कमी करणारी ती एकमेव व्यक्ती आहे. कपाट आवरायला हवं हे मान्य. पिशव्यांची त्रिकोणी घडी घालून एका डब्यात उभ्या लावल्या तर शंभरेक सहज मावतात. पण हे त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांना विचारा. जुन्या चादरीची पुसणी, उसवलेल्या शिवणीला दोन टाके, रिकाम्या बाटलीत बसणारं बूच, यातलं बरंचसं त्यांच्या हातात असेल, ते लेकीला त्यांच्याकडून शिकू द्या. कागदी रुमालांच्या गुंडाळ्या ज्या घरात जुन्या टी-शर्टच्या फडक्यांनी हटवल्या गेल्या, तिथे आठवड्याला एक पिशवी तरी कमी होते.

बाकी दारातच अडवायचं. वस्तू घेताना किंमत बघतो तसं 'ही घरातून बाहेर जाणार कशी?' हे बघायचं. छोट्या पुड्या सगळ्यात वाईट, कारण त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सोडवणं कुणाला परवडत नाही. त्याऐवजी मोठं पाकीट घ्या, पण संपणार असेल तरच. द्रव साबणाऐवजी वडी. बाटलीबंद पाण्याऐवजी घरून भरलेली बाटली. फुकट मिळतं म्हणून घेतलेले पेन, नमुने, चमचे हे तर 'नको' एवढा एकच शब्द उच्चारून टळतात. सॅनिटरी पॅडमध्ये बराचसा भाग प्लास्टिकचा असतो आणि सिलिकॉनचा मेन्स्ट्रुअल कप नीट काळजी घेतली तर दहा वर्षांपर्यंत चालतो. तुम्हाला जमला तर जरूर वापरा, पण लेकीवर लादू नका. हा निर्णय जिचा तिनेच घ्यायचा असतो.

दुरुस्तीवर मला तासभर बोलता येईल, पण एकच गोष्ट सांगते. आमचा मिक्सर मध्येच अडायला लागला, आतून ठिणग्या दिसायच्या. घरात एकमत झालं की आता नवा घ्यायचा. कोपऱ्यावरच्या कारागिराने चार स्क्रू काढले आणि नखाएवढे दोन काळे तुकडे माझ्या हातावर ठेवले. कार्बन ब्रश. मोटर फिरताना ते घासून झिजतात, झिजावेत म्हणूनच असतात. नवे बसवले आणि तो मिक्सर त्यानंतर सहा वर्षं चालला. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रात गेल्याची नोंद आहे, हे मी नंतर वाचलं, तेव्हा मला आधी ते दोन काळे तुकडेच आठवले. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या बाईंनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला. बिघडलेली वस्तू घेऊन जायचं आणि जाणकार शेजाऱ्याबरोबर बसून ती दुरुस्त करायची. तसे कॅफे आता अनेक देशांत आहेत. फ्रान्सने तर २०२१मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर त्या दुरुस्त करायला किती सोप्या आहेत याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याला गुण छापून मिळाले नाहीत तरी दोन प्रश्न विचारता येतात: हे स्क्रूने जोडलंय की गोंदाने? आणि सुटे भाग मिळतात का? फोन मंदावला तर आधी बॅटरी बदलून बघा. वर्षातून दोनदा लागणारं ड्रिल, शिडी, मोठी बॅग शेजाऱ्यांकडून मागून आणा आणि तुमचंही मागितलं तर द्या. वस्तू परत येताना ओरखडा येतो कधीकधी. येऊ दे.

धोक्याचा कचरा मात्र वेगळाच ठेवा. बॅटऱ्या साध्या डब्यात जाता कामा नयेत. लिथियमची बॅटरी कचरागाडीत चिरडली की पेट घेते. सीएफएल दिव्यांत पारा असतो. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका. औषधांच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, फरक पडतो का. कारखान्यांतून निघणारा कचरा घरांतल्या कचऱ्याच्या कित्येक पट असतो. तुमच्या डब्याने जग तरणार नाही आणि बुडणारही नाही, हे लेकीलाही सांगा, नाहीतर तिच्या कोवळ्या जिवाला उगीच घोर लागेल. पण तुमच्या घरातल्या चार क्विंटलांतला जो भाग खाण्याजोगा होता तो तुम्ही विकत आणला होता, धुतला, चिरला, शिजवला होता. तेवढं काम तरी तुमचं नक्की वाचेल. आणि सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिला महिना नुसता तो तबकाचा नियम आणि मापाने शिजवणं. टब नंतर. महिन्याने पुन्हा आठवडाभर वजन करा आणि दोन्ही आकडे मला कळवा. लेकीच्या अक्षरात असतील तर जास्त आवडेल.

तुमची,
ताई

ता. क. – चौदा पिशव्यांपैकी प्रत्येकाच्या रोजच्या पिशवीत एक घडी घालून टाका, दोन दाराच्या खुंटीला अडकवा, कारण पिशवी विसरतो ती दारातच. राहिलेल्या सात, ज्यांच्याकडे एकही नाही अशांना देऊन टाका. आणि स्टीलच्या स्ट्रॉबद्दल एक भाबडी शंका आहे: तुमच्याकडे आधी स्ट्रॉने पीत कोण होतं?